आपल्या गावाच्या लोकसंख्येचा इतिहास कसा मांडावा आणि पुढचा अंदाज कसा बांधावा

लोकसंख्यावाढीवर मत देणारे पुष्कळ भेटतात; पण आपल्याच गावात १९०१ साली किती माणसे राहत होती, हे सांगू शकणारे क्वचितच. या लेखात ते शोधण्याची, मांडण्याची आणि त्यावरून पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा सावध अंदाज बांधण्याची पद्धत दिली आहे. त्यासाठी एक वही, सायंटिफिक कॅल्क्युलेटर, जनगणनेची पुस्तके आणि ग्रामपंचायतीतील जन्म-मृत्यूची नोंदवही एवढे साहित्य पुरते. शाळेतील प्रकल्प, ग्रामपंचायतीचा विकास आराखडा किंवा गावाचा इतिहास लिहिणे, यांपैकी कशासाठीही ही पद्धत चालेल.

आरंभीच एक गोष्ट पक्की करून घ्यावी. कोणत्याही ठिकाणची लोकसंख्या चारच वाटांनी बदलते: माणसे जन्मतात, मरतात, बाहेरून येतात आणि बाहेर जातात. ‘लोकसंख्या वाढली’ असे ऐकल्यावर यांपैकी कोणत्या वाटेने वाढली, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. या लेखातील सगळी खटपट त्या एका प्रश्नासाठी आहे. कारण हा प्रश्न न विचारता एखाद्या वस्तीला, जमातीला किंवा जिल्ह्याला बोल लावण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिने माणसांचे खरोखर नुकसान केले आहे.

एकके आणि मोठे चित्र

जागतिक आकडे दशलक्ष आणि अब्ज यांत येतात, आपले लाख आणि कोटीत. एक दशलक्ष म्हणजे १० लाख आणि एक अब्ज म्हणजे १०० कोटी, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. छापील मजकुरातही एका शून्याची चूक अनेकदा सापडते.

त्याच पानावर जगाची मोजपट्टी लिहावी. शेतीचा आरंभ झाला तेव्हा साऱ्या पृथ्वीवर काही दशलक्ष माणसेच होती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १८०४ च्या सुमारास हा आकडा एक अब्ज झाला. दोन अब्ज व्हायला १९२७ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षे लागली. तिसरा अब्ज १९६० मध्ये, चौथा १९७४ मध्ये, पाचवा १९८७ मध्ये, सहावा १९९९ मध्ये, सातवा २०११ मध्ये आणि आठवा नोव्हेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाला, असे संयुक्त राष्ट्रसंघाने मानले आहे. नववा अब्ज २०३७ च्या आसपास अपेक्षित आहे. सातव्यापासून आठव्यापर्यंत ११ वर्षे लागली आणि आठव्यापासून नवव्यापर्यंत सुमारे १५ वर्षे लागतील. म्हणजे संख्या वाढत असली तरी वाढीचा वेग ओसरू लागला आहे. जगाच्या लोकसंख्येचा वार्षिक वाढदर १९६० च्या दशकात दोन टक्क्यांहून अधिक होता, आता तो एक टक्क्याच्या खाली आहे.

आकडे कुठून घ्यावेत

आपल्या भागात पहिली खानेसुमारी १८७२ साली झाली. वऱ्हाडात तर १८६७ मध्येच एक गणना झाली होती. संपूर्ण देशात एकाच वेळी घेतलेली पहिली जनगणना १७ फेब्रुवारी १८८१ ची, आणि तेव्हापासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी ती अखंड होत आली. तालुक्यांचे १८७२ आणि १८८१ चे आकडे जुन्या मुंबई इलाख्याच्या जिल्हा गॅझेटियरांत मिळतात. गावनिहाय आकड्यांसाठी १९५१ पासून निघालेल्या जिल्हा जनगणना पुस्तिका पाहाव्यात. जिल्हा ग्रंथालयात त्यांच्या प्रती असतात आणि जनगणना आयुक्तालयाच्या संकेतस्थळावरही त्या चढवलेल्या आहेत. जिल्ह्याची १९०१ पासूनची दशवार्षिक वाढ एकाच ठिकाणी हवी असेल, तर ‘ए-२’ क्रमांकाचा तक्ता उघडावा.

आकडा उतरवून घेण्यापूर्वी तो नेमक्या कोणत्या भूभागाचा आहे हे तपासावे. जनगणनेतले गाव म्हणजे महसुली गाव. एका ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावे असू शकतात आणि एका महसुली गावात दहा वाड्या. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या फलकावरचा आकडा आणि पुस्तिकेतला आकडा जुळला नाही, तर लगेच कोणाची चूक धरू नये. जिल्ह्यांच्या बाबतीत हा धोका अधिक मोठा आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. हे ध्यानात न घेता मी एकदा १९७१ आणि १९९१ चे रत्नागिरीचे आकडे शेजारी मांडले, आणि २० लाखांची वस्ती १५ लाखांवर का आली याची कारणे शोधण्यात बराच वेळ घालवला. तसेच २०११ चा ठाणे जिल्ह्याचा १ कोटी १० लाखांचा आकडा पालघरसह आहे. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला स्वतंत्र झाला. मराठवाडा निजामाच्या राज्यात आणि विदर्भ मध्य प्रांत-वऱ्हाडात होता, म्हणून ‘१९०१ चा महाराष्ट्र’ हा आकडाही आजच्या सीमांनुसार नंतर जुळवलेला आहे. तुमचे गाव शहराच्या कडेला असेल, तर ते मधल्या काळात ‘जनगणना शहर’ ठरून गावांच्या यादीतून गेलेले असू शकते. किमान ५,००० लोकवस्ती, बिगरशेती कामांत किमान ७५ टक्के पुरुष कामकरी आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे, या तीन कसोट्या त्यासाठी लावल्या जातात.

दुसरी तपासणी तारखेची. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली आणि १ मार्चच्या पहिल्या क्षणाची लोकसंख्या ती मानली गेली. गणनेच्या संपूर्ण काळात जो माणूस घराबाहेर असतो, तो जिथे राहत असतो तिथे मोजला जातो. आता फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा भर. बीड, अहिल्यानगर किंवा जालना जिल्ह्यांतील ज्या गावांतून टोळ्याच्या टोळ्या कारखान्यांवर जातात, त्यांची जनगणनेतील संख्या आणि पावसाळ्यातील संख्या यांत म्हणूनच मोठे अंतर पडू शकते. अशा गावाची वही करताना शेजारी ‘हंगामात बाहेर’ असा वेगळा स्तंभ आखावा आणि तो मुकादमांना व घराघरांत विचारून भरावा.

शंभर वर्षांच्या खुणा

गावाचे आकडे मिळाले की त्यांच्या शेजारी राज्याचे आकडे लिहावेत. आजच्या महाराष्ट्राच्या भूभागाची लोकसंख्या १९०१ मध्ये १.९४ कोटी, १९११ मध्ये २.१५ कोटी, १९२१ मध्ये २.०८ कोटी, १९३१ मध्ये २.४० कोटी, १९४१ मध्ये २.६८ कोटी, १९५१ मध्ये ३.२० कोटी, १९६१ मध्ये ३.९६ कोटी, १९७१ मध्ये ५.०४ कोटी, १९८१ मध्ये ६.२८ कोटी, १९९१ मध्ये ७.८९ कोटी, २००१ मध्ये ९.६९ कोटी आणि २०११ मध्ये ११.२४ कोटी होती.

या ओळीत एकच आकडा मागे गेलेला दिसतो, तो १९२१ चा. त्याच्यावर थोडे थांबावे, कारण १९२१ च्या आधीची लोकसंख्या आणि नंतरची लोकसंख्या ही जणू दोन निराळ्या जगांतली आहे. जन्म त्या आधीही भरपूर होत. पण दुष्काळ आणि साथी ती भर पुसून टाकीत. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन इतके पोळले की सोलापूर जिल्ह्यात १८८१ ची लोकसंख्या १८७२ पेक्षा कमी भरली. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला, दुसऱ्या वर्षी पुण्यात त्याने थैमान घातले. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. पुढच्या पंचवीस वर्षांत देशभर प्लेगने सुमारे एक कोटी माणसे नेली. मग जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएन्झा शिरला, त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला, आणि एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे मेली. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या ०.३१ टक्क्याने घटली. आपल्या भागाची घट २.९ टक्क्यांची, म्हणजे देशाच्या कितीतरी पट होती.

गावपातळीवर हा काळ समजून घ्यायचा असेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातील कोतवाल बुके पाहावीत. जन्म-मृत्यूच्या या नोंदी बहुधा मोडी लिपीत आहेत. सध्या जातीच्या दाखल्यांसाठी त्यांची पाने उलटली जातात, पण गावाच्या जगण्या-मरण्याचा असा दुसरा दस्तऐवज नाही. १९१८ च्या सप्टेंबर ते डिसेंबरमधील मृत्यूंच्या नोंदी मोजाव्यात आणि त्यांची तुलना १९१६ व १९१७ मधील त्याच महिन्यांशी करावी. मृत्यूचे कारण अनेक ठिकाणी केवळ ‘ताप’ असे लिहिलेले असते. ते तसेच उतरवून घ्यावे, आपल्या मनाने ‘इन्फ्लुएन्झा’ करू नये. मोडी वाचणारा जाणकार सोबत असणे आवश्यक आहे.

१९२१ नंतर मृत्यू कमी होत गेले. प्लेग ओसरला, दुष्काळात धान्य पोहोचवण्याची व्यवस्था सुधारली, आणि स्वातंत्र्यानंतर देवीची लस, मलेरियाविरोधी फवारणी व प्रतिजैविके गावागावांत आली. जन्म मात्र काही दशके पूर्वीइतकेच राहिले. ज्याला आपण ‘लोकसंख्येचा स्फोट’ म्हणत आलो, तो माणसांनी अधिक मुले जन्माला घातल्यामुळे झालेला नाही. जन्मलेली मुले जगू लागल्यामुळे झाला. १९७१ मध्ये भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे १२९ अर्भके वर्षाच्या आत दगावत. २०२० मध्ये हे प्रमाण २८ वर आले होते. मी हा भाग शिकवताना मुलांना घरातल्या सर्वांत वृद्ध स्त्रीला, तिची किती भावंडे झाली आणि किती जगली, एवढेच विचारून यायला सांगतो. हा प्रश्न हळुवारपणे विचारावा लागतो, आणि उत्तरे वहीत लिहिताना नावे गाळावीत.

वाढीचा वेग कसा काढावा

दोन जनगणनांतील फरकाला आधीच्या आकड्याने भागून शंभराने गुणले की दशवार्षिक वाढ मिळते. १९६१ ते १९७१ या दशकात महाराष्ट्राची वाढ २७.४५ टक्के होती, आणि ती आजवरची सर्वाधिक आहे. तिला दहाने भागून ‘दर वर्षी २.७ टक्के’ म्हणणे चूक, कारण दर वर्षीची वाढ आधीच्या वाढीसह मोजली जाते, चक्रवाढ व्याजासारखी. खरा वार्षिक दर २.४५ टक्के येतो. कॅल्क्युलेटरवर १.२७४५ चे दहावे मूळ (म्हणजे जी संख्या दहा वेळा घेऊन गुणाकार केला की १.२७४५ येते ती) काढून त्यातून एक वजा केला आणि शंभराने गुणले की तो मिळतो.

दुपटीला लागणारी वर्षे काढण्याची सोपी रीत म्हणजे ७० ला वार्षिक दराने भागणे. ७० भागिले २.४५ म्हणजे सुमारे २९ वर्षे. वरच्या ओळीत पडताळून पाहावे: १९६१ चे ३.९६ कोटी १९९१ मध्ये ७.८९ कोटी झाले, म्हणजे तीस वर्षांत जवळजवळ दुप्पट. रीत बरोबर निघाली. पण ती का निघाली, तर मधली तीस वर्षे वेग बराचसा टिकून राहिला म्हणून. तोच १९६१-७१ चा वेग १९७१ च्या पुढे सतत धरला असता तर २०११ मध्ये महाराष्ट्रात १३.३ कोटी माणसे असायला हवी होती. प्रत्यक्षात ११.२४ कोटी होती. चाळीस वर्षांत अंदाज दोन कोटींनी चुकला असता, आणि त्या न जन्मलेल्या दोन कोटींसाठी कोणी धरणे, शाळा आणि रुग्णालये आखली असती.

टक्क्यांबरोबर प्रत्यक्ष भरही लिहावी. १९८१ ते १९९१ मध्ये राज्यात १ कोटी ६१ लाख माणसांची भर पडली, १९९१ ते २००१ मध्ये १ कोटी ७९ लाखांची, आणि २००१ ते २०११ मध्ये १ कोटी ५५ लाखांची. राज्याची प्रत्यक्ष भर आधीच्या दशकापेक्षा कमी झाली, असे स्वातंत्र्यानंतर या दशकात पहिल्यांदाच घडले. वर्तमानपत्रांत तेव्हा बातमी आली ती लोकसंख्या ११ कोटींच्या पुढे गेल्याची.

जन्म, मृत्यू आणि स्थलांतर वेगळे करणे

ही या कामातील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. समजा, एखाद्या गावात २००१ मध्ये १,२०० माणसे होती. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीवरून पुढच्या दहा वर्षांत त्या गावच्या रहिवाशांत २१० जन्म आणि ९५ मृत्यू झाले, तर कोणी आले-गेले नसते तेव्हा २०११ मध्ये १,३१५ माणसे असायला हवी होती. जनगणनेने १,१८० मोजली. फरक १३५ चा. म्हणजे आलेल्यांपेक्षा १३५ अधिक माणसे गाव सोडून गेली.

नोंदवही वापरताना एक दक्षता घ्यावी. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्म जिथे होतो तिथे त्याची नोंद होते. आता बहुतेक बाळंतपणे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात होतात, आणि पहिले बाळंतपण तर बहुधा माहेरी. त्यामुळे गावच्या वहीत जन्म कमी दिसतात. आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका यांच्या नोंदी यासाठी अधिक उपयोगी पडतात, कारण त्या घर धरून ठेवलेल्या असतात.

स्थलांतराचा प्रत्यक्ष आकडा मिळाला नाही, तरी लिंग गुणोत्तरात त्याची खूण सापडते. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या आणि मुंबई शहरात ८३२. कोकणातील चाकरमानी मुंबईस गेला आणि घर, शेती व म्हातारी माणसे गावी स्त्रीने सांभाळली, हा शंभर वर्षांहून जुना इतिहास या दोन आकड्यांत आहे. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरीची लोकसंख्या ८१,७०८ ने घटली, सिंधुदुर्गचीही घटली, आणि खुद्द मुंबई शहर जिल्ह्याची ७.६ टक्क्यांनी घटली. त्याच दशकात ठाणे ३६ टक्क्यांनी आणि पुणे ३० टक्क्यांनी वाढले. ठाण्यात बाळे अधिक जन्मली म्हणून ही वाढ झाली, असे कोणी म्हणणार नाही. मग दुसऱ्या एखाद्या वस्तीची वाढ दिसताच तिथल्या आयांकडे बोट का दाखवले जाते?

लिंग गुणोत्तर वाचताना मात्र शून्य ते सहा वयोगट नेहमी वेगळा काढावा. लहान मुले नोकरीसाठी एकटी गाव सोडत नाहीत, म्हणून तिथल्या कमी-अधिक प्रमाणाचे कारण स्थलांतर नसते. निसर्गतः दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात २००१ मध्ये हे प्रमाण ९१३ होते, २०११ मध्ये ८९४ झाले, आणि बीड जिल्ह्यात ते ८०७ इतके खाली गेले होते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. तो कायदा १९८८ चा, आणि केंद्राचा १९९४ चा. आपल्या गावच्या अंगणवाडीत मुली किती आणि मुलगे किती, हा आकडा एका वर्षाचा असेल तर योगायोगाने खालीवर होऊ शकतो. दहा वर्षांची बेरीज करावी, आणि ती तरीही खाली आली तर ग्रामसभेत ठेवावी.

मृत्युदराबाबतही एक सावधगिरी. २०२० मध्ये केरळचा मृत्युदर हजारी ७.० होता आणि महाराष्ट्राचा ५.५. यावरून केरळची आरोग्यसेवा वाईट ठरत नाही. तिथे वृद्धांचे प्रमाण अधिक आहे, एवढाच त्याचा अर्थ. ज्या गावातून तरुण बाहेर गेले त्या गावाचा मृत्युदरही असाच वाढलेला दिसतो.

जननदर आणि त्याच्याभोवतीचे गैरसमज

एका स्त्रीला तिच्या आयुष्यात सरासरी किती मुले होतील, याचा अंदाज देणारा आकडा म्हणजे एकूण जननदर. तो २.१ च्या आसपास असेल तर एक पिढी दुसऱ्या पिढीची जागा जेमतेम भरून काढते. मुंबईतील देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था जे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते, त्यातून तो मिळतो. १९९२-९३ च्या सर्वेक्षणात भारताचा एकूण जननदर ३.४ आणि महाराष्ट्राचा २.९ होता, २०१९-२१ मध्ये भारताचा २.०, महाराष्ट्राचा १.७ आणि गोव्याचा १.३ झाला. बिहारमध्ये तो ३.० होता. हे सर्वेक्षण गावाचा आकडा देत नाही, जिल्ह्याच्या पत्रकात संबंधित माहिती मर्यादित असते. म्हणून गावासाठी राज्याचा दर धरून चालावे आणि तसे स्पष्ट लिहावे.

हा दर कशामुळे उतरला, हे लिहिताना घाई करू नये. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षीच्या जनगणनेत लोकसंख्या घटलेली होती. तरीही त्यांनी ते काढले, कारण त्यांच्यापुढे प्रश्न होता तो स्त्रीच्या आरोग्याचा आणि तिच्या इच्छेचा. १९५२ मध्ये भारताने सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला, आणि सरकारी पातळीवर असा कार्यक्रम घेणारा तो जगातला पहिला देश होता. पुढे आणीबाणीत या कार्यक्रमाची वाट भरकटली: १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी पुष्कळ दडपणाखाली, आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, हे महाराष्ट्राचे भाग्य म्हणावे लागेल. त्या सक्तीने गरिबांच्या मनात आरोग्य कर्मचाऱ्यांविषयी जो धसका बसला तो निघायला पुष्कळ वर्षे लागली. जननदर टिकाऊपणे उतरला तो मुलींचे शिक्षण, उशिरा होणारे लग्न, जगणारी बाळे आणि हाताशी असलेली साधने यांमुळे. ज्या जिल्ह्यांत या चार गोष्टी आधी पोहोचल्या तिथे तो आधी उतरला. गावातील जुन्या लोकांना नसबंदी शिबिरांविषयी विचाराल तर प्रथम ऐकून घ्यावे. ही आठवण अनेकांना अजून सलते.

पुढचा अंदाज

जननदर २.१ च्या खाली गेला तरी लोकसंख्या लगेच घटत नाही. कारण आधीच्या पिढीत जन्मलेल्या मुली आता आई होण्याच्या वयात आहेत आणि त्यांची संख्या मोठी आहे; प्रत्येकीला दोनहून कमी मुले झाली तरी एकूण जन्म मृत्यूंपेक्षा अधिक भरतात. वेगात असलेली बैलगाडी कासरा ओढल्यावरही काही पावले पुढे जाते, तसेच हे आहे. म्हणूनच अंदाज बांधताना एकूण आकडा पुढे न ढकलता वयोगट पुढे न्यावेत.

त्याची रीत अशी. घरोघर जाऊन गावाची पाच-पाच वर्षांच्या वयोगटांत, स्त्रिया आणि पुरुष वेगळे करून, यादी करावी. पाच वर्षांनी आज ० ते ४ वयाचे असलेले ५ ते ९ मध्ये जातील, २० ते २४ चे २५ ते २९ मध्ये. तरुण गटांतून मृत्यूमुळे फारच थोडे वजा होतील, साठीच्या पुढच्या गटांतून अधिक. मग २० ते ३४ वयाच्या स्त्रियांची संख्या पाहावी, कारण बहुतेक जन्म याच वयात होतात, आणि गेल्या पाच वर्षांत अशा दर शंभर स्त्रियांमागे किती जन्म झाले त्या प्रमाणात पुढच्या पाच वर्षांचे जन्म धरावेत. शेवटी स्थलांतर: मागच्या दशकात तरुण गटातून दर पाच वर्षांत सरासरी जितके गेले तितकेच जातील, त्याच्या निम्मे जातील आणि दीडपट जातील, असे तीन अंदाज वेगवेगळे करावेत. एकच आकडा कधीही देऊ नये. संयुक्त राष्ट्रसंघही मध्यम अंदाजाच्या दोन्ही बाजूंना, प्रत्येक स्त्रीमागे अर्ध्या मुलाचा फरक धरून, वरचा आणि खालचा अंदाज देतो. आणि तेवढ्या फरकाने २१०० सालचा जगाचा आकडा कित्येक अब्जांनी बदलतो.

यादी करताना वयांकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे वय सांगताना ४०, ४५, ५०, ६० असे गोल आकडे सांगण्याची रीत आहे, आणि जनगणनेच्या तक्त्यांतही या वयांवर माणसांचे ढीग साचलेले दिसतात. ‘किती वर्षांचे?’ असे न विचारता, शाळेचा दाखला किंवा आधार कार्ड पाहावे. ते नसेल तर १९७२ च्या दुष्काळात तुम्ही केवढे होता, कोयनेच्या भूकंपाच्या वेळी लग्न झाले होते का, असे विचारून १९७२ किंवा १९६७ शी वय जुळवावे.

तुमच्या गावाचा अंदाज मोठ्या चित्राशी ताडून पाहावा. राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाच्या तांत्रिक गटाने २०२१ साठी महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १२.४ कोटी धरली होती, आणि २०३६ मध्ये भारताची सुमारे १५२ कोटी होईल असे म्हटले आहे. त्याच अंदाजात साठीच्या पुढची माणसे २०११ मधील सुमारे १० कोटींवरून २०३६ मध्ये सुमारे २३ कोटींवर जातात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार भारताची लोकसंख्या २०६० च्या दशकाच्या आरंभी १७० कोटींच्या आसपास शिखर गाठून उतरू लागेल, आणि जगाची २०८० च्या दशकाच्या मध्यास १,०३० कोटींच्या आसपास. दक्षिण कोरियाचा एकूण जननदर २०२३ मध्ये ०.७२ होता आणि चीनची लोकसंख्या २०२२ पासून घटू लागली आहे, तेव्हा हे शिखर आणखी अलीकडे येण्याचीही शक्यता आहे.

गावात हा बदल सर्वांत आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत दिसतो. यंदा पहिलीत किती मुले येणार, हे सहा वर्षांपूर्वीच ठरलेले असते. गेल्या वीस वर्षांचा पहिलीचा पट मुख्याध्यापकांकडून उतरवून घ्यावा. तो घटत असेल तर खासगी शाळांत जाणारी मुले वजा करून उरलेली घट जन्मांची आहे की स्थलांतराची, हे वर दिलेल्या रीतीने वेगळे करावे. पुष्कळ ग्रामपंचायतींच्या आराखड्यांत अजून वर्गखोल्यांची मागणी असते, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांना तालुक्याच्या दवाखान्यात नेण्याची सोय कोणाच्याच यादीत नसते. तुमच्या तक्त्यातील ६० च्या पुढचे तीन वयोगट ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावेत.

२०२१ ची जनगणना कोविडमुळे पुढे गेली आणि आता १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ क्षण ठरवण्यात आला आहे. म्हणजे २०११ नंतर सोळा वर्षांचे अंतर. वहीत वाढीचा दर काढताना दहावे मूळ न काढता सोळावे काढावे लागेल. प्रगणक घरी येण्याआधी घरातल्या प्रत्येकाचे पूर्ण झालेले वय, जन्मस्थान, याआधी कुठे राहत होता आणि किती वर्षांपूर्वी इथे आला, एवढे एका कागदावर लिहून ठेवावे. म्हाताऱ्या माणसांचे वय ‘सत्तर लिहा’ असे सांगू नये. वहीत २०२७ ची ओळ आजच आखावी, तिच्यापुढे आपले तीन अंदाज पेन्सिलीने लिहावेत, आणि गणनेचा आकडा जाहीर झाला की तो शेजारी शाईने लिहावा.